डॉक्टरांची ड्युटी, घर आणि संस्थेशी बांधिलकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्युटी करणारे डॉक्टर, ड्युटी लावणारे विभागप्रमुख आणि या विषयावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, अशा तिघांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. ते मुद्दाम वेगळे काढलेले नाहीत. रोस्टर म्हणजे ड्युटीचा तक्ता लावणाऱ्याने संशोधकाचा प्रश्न वाचावा आणि संशोधकाने रोस्टरचा, यात दोघांचाही फायदाच आहे.

काम आणि कुटुंब यांची ओढाताण म्हणजे नेमकं काय? थोडीफार तर सगळ्यांचीच होते.

होते, पण प्रत्येक धावपळ म्हणजे ही ओढाताण नव्हे. एका भूमिकेची मागणी पुरी करताना दुसऱ्या भूमिकेतलं काम अशक्य किंवा फार अवघड होऊन बसतं, तेव्हाच हा शब्द वापरायचा. ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले. आजही तीच मांडणी वापरात आहे.

पहिला प्रकार वेळेचा: ओटीची (ऑपरेशन थिएटरची) यादी लांबली आणि शाळेतली पालकसभा हुकली. दुसरा ताणाचा: डॉक्टर वेळेवर घरी आलाय, पण आयसीयूतला रुग्ण डोक्यातून जात नाही. समोर मूल काहीतरी सांगतंय, ते कानावर पडतंय पण आत पोचत नाही. तिसरा वागण्याचा, आणि डॉक्टरांच्या बाबतीत सगळ्यात कमी ओळखला जाणारा. इमर्जन्सीत भावना बाजूला ठेवून दोन शब्दांत ऑर्डर दिली की काम होतं. तीच तऱ्हा घरी आली की 'मी तुझा पेशंट नाही' हे ऐकावं लागतं.

प्रकार ओळखायचा तो उपायासाठी. वेळेच्या ओढाताणीला रोस्टर बदलावं लागतं. ताणाच्या ओढाताणीत नुसते तास कमी करून फारसं काही होत नाही. वागण्याची ओढाताण तर सुट्टीच्या दिवशीही चालू राहते.

काम घरात घुसतं की घर कामात?

दोन्ही होतं, आणि ती दोन वेगळी मोजमापं आहेत. फ्रोन, रसेल आणि कूपर यांनी १९९२ मध्ये दोन्ही दिशा वेगळ्या धरून मांडणी केली, तेव्हापासून त्या वेगळ्याच मोजल्या जातात. डॉक्टरांत पहिली दिशा भारी असते. कारण साधं आहे: घरचा फोन ओटीत उचलता येत नाही, हॉस्पिटलचा फोन मात्र जेवणाच्या ताटावरून उठून घ्यावा लागतो.

व्यवस्थापनाचं लक्ष बहुधा दुसऱ्या दिशेवर असतं, म्हणजे 'घरच्या अडचणींमुळे कामावर परिणाम'. कारण ती हजेरीपटावर दिसते. पहिली दिशा कुठल्याच रजिस्टरात लिहिली जात नाही. ॲमस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं की ओढाताण ज्या बाजूने सुरू होते, त्याच बाजूच्या गोष्टींशी तिचं नातं अधिक घट्ट असतं. काम घरात घुसलं तर समाधान, बांधिलकी, सोडून जाण्याचा विचार असा कामाशी जोडलेला भागच जास्त कुरतडला जातो. माणूस दोष कुणाला द्यायचा ते बरोबर ओळखतो.

बांधिलकी म्हणजे निष्ठाच ना?

निष्ठा हा तिचा एक भाग झाला. मायर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन घटक मांडले. आपल्या भाषेत त्यांना मनाची, हिशेबाची आणि कर्तव्याची बांधिलकी म्हणता येईल.

मनाची म्हणजे इथे राहावंसं वाटतं म्हणून राहणं. हिशेबाची म्हणजे सोडणं परवडत नाही म्हणून राहणं: सेवाज्येष्ठता, बॉण्ड, जमलेले रुग्ण, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी. अशा एकात एक गुंतत गेलेल्या गुंतवणुकीतून माणूस जागेला कसा बांधला जातो, हे बेकर यांनी १९६० मध्येच मांडलं होतं. कर्तव्याची म्हणजे सोडणं बरोबर दिसणार नाही म्हणून राहणं, जसं 'ज्यांनी शिकवलं त्यांना अडचणीत टाकून कसं जायचं'.

हजेरीपटावर तिघेही सारखेच दिसतात. पण रात्री दोन वाजता कुणी बोलावलेलं नसताना उठून शंका असलेला रुग्ण पाहून येणारा डॉक्टर बहुधा पहिल्या गटातला असतो.

ओढाताण वाढली की बांधिलकी कमी होते, इतकं सरळ आहे का?

नाही, आणि इथेच बरेच प्रबंध घसरतात. मायर आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या एकत्रित विश्लेषणात मनाच्या बांधिलकीचं हजेरी, कामाचा दर्जा, ताण आणि काम-कुटुंब ओढाताण यांच्याशी सगळ्यात अनुकूल नातं दिसलं. कर्तव्याच्या बांधिलकीचं नातं त्याच दिशेचं, पण क्षीण होतं. हिशेबाच्या बांधिलकीचा या गोष्टींशी एक तर संबंधच नव्हता किंवा होता तो प्रतिकूल.

याचा अर्थ असा की घरची ओढाताण सोसणाऱ्या डॉक्टरची 'एकूण बांधिलकी' तशीच दिसू शकते. मन निघालेलं असतं, हिशेब मात्र तितकाच किंवा अधिक घट्ट झालेला असतो. तिन्हींची बेरीज करून एक आकडा काढला तर नेमकी ही अदलाबदल झाकली जाते. हॉस्पिटल म्हणतं, आमच्याकडून कुणी जात नाही. जात नाही हे खरं, पण तो का थांबलाय ते कुणी विचारलेलं नसतं.

दिशेबद्दलही सावध राहावं. ओढाताणीमुळे मन उडतं हे पटण्यासारखं आहे. पण ज्याचं मन आधीच उडालंय त्याला तीच ड्युटी घराच्या आड येते असं अधिक वाटू लागतं, हेही तितकंच शक्य आहे. एकाच वेळी भरून घेतलेल्या फॉर्मवरून यातलं कुठलं खरं ते ठरवता येत नाही.

आमचे डॉक्टर तर कधी तक्रार करत नाहीत. मग प्रश्न आहे हे कशावरून?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. डॉक्टरच्या दोन बांधिलक्या असतात, एक रुग्णांशी आणि पेशाशी, दुसरी पगार देणाऱ्या संस्थेशी. पहिली एवढी भक्कम असते की दुसरी संपली तरी काम थांबत नाही. राउंड वेळेवर होतो, केसपेपर भरलेले असतात, रुग्णांचे नातेवाईक खूश असतात. संस्थेला वाटतं की ही निष्ठा आपल्यावर आहे. मग एक दिवस राजीनामा येतो आणि सगळे म्हणतात, काही बोलला पण नाही.

तक्रारीची वाट न पाहता कुठे बघायचं, तर ज्या कामात रुग्ण थेट नसतो तिथे. विभागाच्या मीटिंगला गैरहजेरी, ऑडिटच्या कामाला 'बघतो', ज्युनिअरना शिकवणं आटोपतं घेणं, नव्या उपक्रमाला ना होकार ना नकार, समितीवरून नाव काढून घेणं. मनाची बांधिलकी आधी तिथून गळते, रुग्णांपर्यंत ती गळती फार उशिरा पोचते. दुसरी खूण रजेच्या अर्जांत सापडते. आठवडाभराच्या नियोजित रजा कमी होऊन ऐनवेळच्या एकेक दिवसाच्या रजा वाढल्या, तर घरचं गणित कोलमडतंय असं समजावं.

ड्युटीचे तास कमी केले की सुटेल ना?

काही अंशी. तासांवर मर्यादा असायलाच हवी, त्यात दुमत नको. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार आठवड्याला सरासरी ४८ तास आणि दर २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती बंधनकारक आहे. ऑन-कॉल डॉक्टरला हॉस्पिटलातच थांबावं लागत असेल तर तो झोपलेला असला तरी तो वेळ कामाचाच, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये दिला. अमेरिकेत रेसिडेंट म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसाठी २००३ पासून चार आठवड्यांच्या सरासरीने ८० तासांची मर्यादा आहे. तिथे २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटांची सलग ड्युटी १६ तासांवर आणली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा २४ तास, वर हँडओव्हरसाठी, म्हणजे रुग्ण पुढच्या डॉक्टरवर सोपवण्यासाठी, चारपर्यंत, अशी केली. यावरून समजावं की एका आकड्याने मिटण्यासारखी ही गोष्ट नाही.

घराचा विचार केला तर दोन गोष्टी तासांइतक्याच मोलाच्या ठरतात: ड्युटीचा आधी येणारा अंदाज आणि स्वतःच्या वेळेवरचा ताबा. ठरलेली ५५ तासांची ड्युटी घरचे सांभाळून घेतात. तीच ड्युटी ४५ तासांची, पण आदल्या रात्री कळणारी असेल, तर घरात कुणीच कसलं नियोजन करू शकत नाही. कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे चपखल बसते: मागणी जास्त आणि ताबा कमी, हा जोड सगळ्यात जाचक. म्हणून तास कमी करायला माणसं नसतील, तरी रोस्टर आधी लावणं आणि अदलाबदल सोपी करणं हे आजही हातात असतं.

एक जागा चोवीस तास चालवायला खरोखर किती डॉक्टर लागतात?

'तिघे आहेत, आठ-आठ तास करा' हे उत्तर चूक आहे. हिशेब असा मांडावा.

आठवड्याचे तास २४ × ७ = १६८. दिवसातून तीन वेळा ड्युटी बदलते, प्रत्येक वेळी अर्धा तास दोघे एकत्र हवेत, म्हणजे रोज दीड आणि आठवड्याला साडेदहा तास. एकूण १७८.५. प्रत्येकाने ४८ तास दिले तर ३.७२ डॉक्टर झाले. पण कुणीही वर्षभर हजर नसतो. सहा दिवसांच्या आठवड्याने वर्षाचे ३१२ दिवस. त्यातून रजा ३०, सणवार १०, आजारपण आणि प्रशिक्षण १२ असे ५२ गेले की उरले २६०, म्हणजे सहातले पाच. ३.७२ ला ०.८३३ ने भागलं की ४.४६ येतात. अर्धा डॉक्टर मिळत नाही, म्हणून पाच. रजांचे आकडे तुमचे तुम्ही घाला, रीत हीच.

आता चौघांवर तीच जागा चालवली तर हजर असलेल्या आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५३.६ तास येतात. चौघांतला एक जण दीर्घ रजेवर गेला की उरलेल्या तिघांना ७१.४. म्हणजे ज्या विभागात प्रसूती रजेवर जाणाऱ्या सहकारी डॉक्टरबद्दल कुरबुर होते, तिथे दोष तिचा नसतो. ती जागा आधीच एका डॉक्टरने कमी भरलेली होती. पाच असते तर तिच्या रजेत बाकीच्यांना ५३.६ तास पडले असते. त्रासाचे, पण निभणारे.

रोस्टर कसं लावावं?

आधी रजा, मग नाइट, मग शनिवार-रविवार आणि सणवार, शेवटी साध्या दिवसाच्या ड्युट्या. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं. दिवसाचा तक्ता भरून घेतला जातो आणि नाइट उरेल त्याच्या माथी बसते.

रजेच्या मागण्या रोस्टर सुरू होण्याच्या आठ आठवडे आधी घ्या, तक्ता सहा आठवडे आधी लावा. सहा आठवडे जमत नसेल तर चार, त्याखाली नको. प्रत्येकाला 'काहीही झालं तरी नको' असे महिन्यातले दोन दिवस कारण न सांगता राखून ठेवता यावेत. 'कारण न सांगता' हे महत्त्वाचं. कारण विचारलं की मुलाच्या वाढदिवसापेक्षा भावाचं लग्न मोठं ठरतं आणि अविवाहित डॉक्टरच्या वाट्याला काहीच येत नाही. त्याच्याही घरी आजारी वडील असू शकतात.

नाइटनंतरची सुट्टी तक्त्यावर लिहूनच टाका. लिहिलेली नसेल तर सकाळचा राउंड, मग एक ॲडमिशन, मग 'जाताजाता एक सही' असं करत दुपार होते. लागोपाठ तीनपेक्षा जास्त नाइट लावू नका. प्रत्येक दिवसाला एक राखीव नाव ठेवा, आणि त्या दिवशी बोलावलं नाही तरी राखीव राहण्याचा काही मोबदला द्या, निदान हिशेबात अर्धी ड्युटी धरा. राखीव नाव नसेल तर एक जण आजारी पडताच विभागप्रमुख 'जो नाही म्हणत नाही' त्याला फोन करतो. दरवेळी त्यालाच करतो.

अदलाबदल दोघांनी परस्पर ठरवावी, फक्त दोन अटी पाळाव्यात: हुद्दा सारखा हवा आणि विश्रांतीचे ११ तास मोडता कामा नयेत. मंजुरीसाठी कागद फिरवायला लावला की लोक तोंडी अदलाबदल करतात आणि रात्री कॉलवर नक्की कोण आहे हेच स्विचबोर्डला कळत नाही.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाच्या नाइट, रविवार आणि सणांच्या ड्युट्या मोजून भिंतीवर लावा. असा उघड तक्ता असला की बरेच वाद सुरूच होत नाहीत.

हँडओव्हरचा घराशी काय संबंध?

फार जवळचा. डॉक्टर वेळेवर निघत नाही त्याचं कारण दरवेळी काम उरलेलं असतं असं नाही. पुढच्यावर सोपवून जाण्याची खात्री नसते. मग तो 'थोडं बघून जातो' म्हणत दीड तास काढतो, आणि घरी गेल्यावरही तीन वेळा फोन करतो. वेळेची आणि ताणाची, दोन्ही ओढाताणी इथूनच निघतात.

चांगल्या हँडओव्हरमध्ये प्रत्येक रुग्णाबद्दल पाच गोष्टी असतात: तो किती गंभीर आहे, थोडक्यात हकीकत, कोणती कामं कोणी कधी करायची, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने ऐकलेलं परत सांगणं. अमेरिकेतल्या नऊ बालरोग रेसिडेन्सी कार्यक्रमांत हा साचा आणि त्याचं प्रशिक्षण आणलं, तेव्हा टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. चौथा मुद्दा बहुतेक जण गाळतात. घरी गेल्यावर डोकं खाणारा मुद्दाही तोच असतो.

वेळ नेमका जातो कुठे? रुग्ण तर तेवढेच आहेत.

लिखापढीत. अमेरिकेतल्या ओपीडी डॉक्टरांच्या २०१६ मधल्या एका निरीक्षणात रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावरच्या नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते, शिवाय घरी रात्री आणखी एक-दोन तास. हे घरचे तास रोस्टरवर कुठेच दिसत नाहीत. उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. डिस्चार्ज समरी ॲडमिशनच्या दिवशीच सुरू करावी. तेच तपशील दोन ठिकाणी भरायला लावणारे फॉर्म शोधून एक बंद करावा. डॉक्टरच्याच सहीची गरज नसलेले कागद वेगळे काढावेत. आणि रोज अर्धा तास नोंदींसाठी ड्युटीतच राखावा.

स्त्री डॉक्टरांचा प्रश्न वेगळा आहे का?

ड्युटी तीच, घरचा वाटा वेगळा. अमेरिकेतल्या संशोधक डॉक्टरांच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात, लग्न झालेल्या आणि मुलं असलेल्यांमध्ये स्त्रिया घरकाम आणि मुलांसाठी पुरुषांपेक्षा आठवड्याला साडेआठ तास अधिक देत होत्या. म्हणजे आठवड्यात आणखी एक अख्खी ड्युटी.

कामावर परतताना तीन ठिकाणी बिघडतं. पहिल्याच आठवड्यात पूर्ण नाइट लावल्या जातात. दूध काढायला जागा आणि वेळ नसतो. साधारण दर तीन तासांनी वीस ते तीस मिनिटं, दार लागणारी खोली आणि फ्रीज, एवढीच ती गरज आहे, पण ओपीडीच्या यादीत ती मोकळी जागा आधी ठेवलेली असावी लागते. तिसरी गोष्ट चांगल्या हेतूने होते. 'तिला त्रास नको' म्हणून अवघड केसेस, परिषदा, पदं तिला न विचारताच दुसऱ्याला दिली जातात. ओढाताण त्याने कमी होत नाही, मनाची बांधिलकी मात्र नक्की कमी होते. तिला विचारा. 'नको' म्हणायचं तर तिला म्हणू द्या.

आणि हा प्रश्न फक्त बायकांचा म्हणून मांडला की वडील असलेले डॉक्टर रजा मागायला कचरतात. मग घरचा सगळा भार पुन्हा तिच्यावरच पडतो.

आम्ही दोघंही डॉक्टर आहोत. काही ठोस सांगाल?

दोघांची रोस्टर हातात आल्या दिवशीच एका कॅलेंडरवर चढवा आणि एकच गोष्ट शोधा: दोघेही एकाच रात्री कॉलवर आहेत का. तेवढ्या तारखा त्याच आठवड्यात बदलून घ्या, पुढे कुणी बदलून देत नाही. मुलांसाठी किंवा म्हाताऱ्या आईवडिलांसाठी तीन पातळ्यांची सोय लिहून ठेवा: रोजची व्यक्ती, ती आली नाही तर कोण, आणि दोघेही अडकले तर पंधरा मिनिटांत पोचू शकेल असं कोण. तिसरं नाव नसेल तर ओढाताण संपणार नाही, मग ड्युटी कितीही सोयीची असो. ऐनवेळी घरी कोण जाणार हेही आधीच ठरवा. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरा, असं ठरवलं तरी चालेल. न ठरवता सोडलं की दरवेळी एकच जण जातो.

नाइट करून घरी आल्यावर चिडचिड होते. त्यावर काय करावं?

आधी झोप. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, हे १९९७ पासून माहीत आहे. अशा अवस्थेत घरचा कुठलाही वाद सुरू करू नये, आणि गाडी तर अजिबात चालवू नये. अमेरिकेतल्या इंटर्नच्या २००५ मधल्या अभ्यासात लांबलेल्या ड्युटीनंतर वाहन अपघाताची शक्यता दोन पटींहून अधिक आढळली. निघण्याआधी वीस मिनिटांची डुलकी घ्या, किंवा दुसऱ्याला गाडी चालवू द्या.

घरच्यांशी एक करार करता येतो. दारातून आल्यावर पहिली वीस मिनिटं निर्णय, बिलं, तक्रारी नकोत. त्यानंतर मात्र फोन दुसऱ्या खोलीत. कराराच्या या दुसऱ्या भागाचा डॉक्टरांना लवकर विसर पडतो.

विभागप्रमुखांशी बोलायचंय, पण 'कामचुकार' ठरायची भीती वाटते.

म्हणून तक्रार घेऊन जाऊ नका, नोंद घेऊन जा. चार आठवडे रोज तीनच गोष्टी टिपा: ड्युटी संपण्याची ठरलेली वेळ, निघालेली वेळ, उशिराचं कारण. महिन्याअखेरीस एक-दोन कारणंच पुन्हापुन्हा आलेली दिसतील. मागणी एकच ठेवा, मुदतीची ठेवा, आणि काम कोण करणार हे स्वतः सांगा. उदाहरणार्थ: 'मॅडम, गेल्या महिन्यात पोस्ट-नाइट ऑफच्या आठपैकी सहा दिवशी मी दोननंतर निघालो. पाच वेळा कारण सकाळच्या नवीन ॲडमिशन होत्या. आठनंतरच्या ॲडमिशन दिवसाच्या टीमने घ्याव्यात, असं सहा आठवडे करून पाहू का? डॉक्टर सहकाऱ्यांशी माझं बोलणं झालंय.' राउंडच्या मध्येच किंवा ड्युटीच्या ग्रुपवर हे बोलू नका. वेळ मागून घ्या.

मी विभागप्रमुख आहे. पैसे आणि पदं माझ्या हातात नाहीत. मग काय करू?

तुमच्या हातात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. कोसेक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अभ्यास एकत्र केले तेव्हा, वरिष्ठ एरवी चांगला असण्यापेक्षा तो घरच्या गरजांना थेट आधार देतो का, याचा ओढाताणीशी अधिक संबंध दिसला. हॅमर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्या आधाराचे चार भाग केले: विचारपूस, प्रत्यक्ष अडचण सोडवणं, स्वतःचं उदाहरण, आणि सगळ्यांनाच सोयीची पडेल अशी कामाची नवी मांडणी. तिसरा भाग बहुतेकांना जड जातो. प्रमुख रात्री नऊपर्यंत बसतो आणि 'तुम्ही जा' म्हणतो, तेव्हा कुणी जात नाही. रात्री अकराला पाठवलेला, सकाळीही चालला असता असा मेसेज याच खात्यात जमा होतो.

योग, ध्यान, वेलनेस डे यांचा उपयोग होतो का?

माणसाला थोडा होतो, रोस्टरला होत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी सक्तीची हजेरी लावून घेतलेलं ताणमुक्ती शिबिर म्हणजे आणखी एक ड्युटी.

बर्नआउट आणि ही ओढाताण एकच का?

नाही. बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटलं आहे, आजार म्हटलेलं नाही. पूर्ण थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि कार्यक्षमता घटल्याची भावना, ही तिची तीन अंगं. ओढाताण दोन भूमिकांमधली असते, बर्नआउट कामाच्या आतला. पहिलीतून दुसरा येऊ शकतो, पण घरी एकट्या राहणाऱ्यालाही तो होतो. झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणं नको वाटू लागलं, तर मात्र हे पान बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. डॉक्टरने स्वतःवर स्वतःच उपचार करू नयेत.

प्रबंधासाठी कोणती प्रश्नावली वापरावी?

ओढाताणीसाठी नेटमायर, बोल्स आणि मॅकमरियन यांची १९९६ ची: दोन्ही दिशांना पाच-पाच विधानं, सात गुणांची श्रेणी. छोटी असल्यामुळे डॉक्टर ती भरतात. तीन प्रकार वेगळे हवे असतील तर कार्लसन, काकमार आणि विल्यम्स यांची २००० ची, १८ विधानांची. बांधिलकीसाठी मायर, ॲलन आणि स्मिथ यांची १९९३ ची सुधारित, प्रत्येक घटकाला सहा विधानं. पेशाशी बांधिलकी वेगळी मोजायची सोयही त्याच संशोधनात आहे. डॉक्टरांच्या बाबतीत ती मोजावीच, नाहीतर रुग्णांवरचा जीव संस्थेच्या नावावर जमा होतो.

भाषांतर दोघांनी स्वतंत्र करावं, तिसऱ्याने ते मूळ भाषेत परत आणावं, मग दहा-बारा डॉक्टरांना वाचायला देऊन प्रत्येक विधानाचा त्यांना काय अर्थ लागला ते विचारावं. 'कुटुंब' म्हणताना सासूसासरे धरायचे का, हा गोंधळ तिथेच बाहेर येतो.

हे प्रबंध बहुधा कुठे फसतात?

फॉर्म विभागप्रमुखांमार्फत वाटतात, मग सगळेच बांधील निघतात. लहान विभागात वय, लिंग आणि हुद्दा तिन्ही विचारले की नाव न विचारताही माणूस ओळखू येतो, आणि डॉक्टरांना ते लगेच समजतं. ओढाताण आणि बांधिलकी एकाच बैठकीत एकाच माणसाकडून भरून घेतात. त्या दिवशीचा मूड दोन्हीकडे उतरतो आणि परस्परसंबंध फुगतो. निदान तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवावं, आणि ड्युटीचे तास, नाइट, रजा हे आकडे रोस्टरवरून घ्यावेत. नाइट संपवून आलेल्याचा आणि सुट्टीहून आलेल्याचा फॉर्म एकाच ढिगात टाकू नये.

सगळ्यात मोठी फसगत मात्र वेगळीच आहे. ज्यांची ओढाताण सहनशक्तीपलीकडे गेली ते फॉर्म भरायला तिथे उरलेलेच नसतात. शक्य असेल तर गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांनाही गाठावं.

चांगला डॉक्टर सोडून चाललाय. आता विचारून काही उपयोग आहे?

शेवटच्या दिवशी विचारलं तर 'वैयक्तिक कारण' हेच उत्तर मिळेल. त्याला अनुभवाचा दाखला हवा असतो आणि पुढे कधीतरी शिफारसही लागणार असते. तीन ते सहा महिन्यांनी विचारा, आणि त्याच्या वरिष्ठाने न विचारता दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी विचारावं. 'का सोडलं' असा प्रश्न नको. सोडण्याचा विचार पहिल्यांदा कधी आला आणि त्या आठवड्यात काय घडलं होतं, हे विचारा. मग त्या आठवड्याचं रोस्टर काढून समोर ठेवा.